शेवटच्या सायकलीचा दिवस

पहाटे 4.45

जानेवारीतली गुहागरची पहाट दमट असते. पोफळींवरून दव ठिबकतं आणि अंगणात ओळीने लावलेल्या सायकलींच्या सीटा, हँडल, चेनी सगळं ओलं होतं. कोरडं फडकं घेऊन सगळ्या सायकली पुसणं हे दिवसाचं पहिलं काम. आजचा टप्पा गुहागर ते गणपतीपुळे. किनाऱ्याच्या रस्त्याने साधारण 55 ते 60 किलोमीटर, आणि मधे एक खाडी फेरीबोटीने ओलांडायची. बारा पाहुणे, पुढे रस्ता दाखवणारा माझा सहकारी, सामान आणि पाण्याचे कॅन घेऊन येणारी गाडी, ती चालवणारे मामा, आणि सगळ्यांच्या मागे मी. सायकल सहलीत मागे राहणाऱ्याला आम्ही स्वीप म्हणतो. माझ्या मागे कुणी राहता कामा नये, हा या कामाचा एकच नियम.

हवा, ब्रेक, चेन, याच क्रमाने प्रत्येक सायकल तपासते. 35 मिलिमीटर रुंद टायरमध्ये 50 ते 60 पीएसआय हवा ठेवते; अंगाने भारी असलेल्यांना थोडी जास्त, हलक्यांना कमी. हवा कमी पडली तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि एकदम दोन भोकं पडतात. जास्त झाली तर उखडलेल्या डांबरावर मनगटं आणि कंबर दिवसभर हादरे खातात. ब्रेकवर मात्र सर्वांत जास्त वेळ जातो, कारण आजच्या रस्त्याला मोठे उतार आहेत. एका सायकलीचे मागचे पॅड पार झिजलेत. ते इथेच, डोक्यावर बांधलेल्या दिव्याच्या उजेडात बदलते. वाटेत उतारावर ते कळायला नको.

5.30

दोघातिघांना समुद्रावर जायचंय. सायकली इथेच ठेवून, दिवे बंद करून, पायी जायचं असं मी कालच सांगून ठेवलंय. गुहागरचा किनारा सुमारे सहा किलोमीटर लांब, आणि ऑलिव्ह रिडले कासवांचा हा विणीचा हंगाम. मादी रात्री वाळूत येते, खड्डा करून अंडी घालते, खड्डा बुजवून परत जाते. उजेड दिसला तर ती अंडी न घालताच फिरू शकते आणि चाकाखाली वाळू दाबली गेली तर घरट्याचं नुकसान होतं. फेब्रुवारी 2023 मध्ये याच किनाऱ्यावर बागेश्री आणि गुहा नावाच्या दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्समीटर बसवले गेले. त्यातली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. पाहुण्यांना हे सांगितलं की दिवे बंद ठेवायला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

6.15

ज्या घरी उतरलोय तिथल्या वहिनींनी ओलं खोबरं घातलेले पोहे केलेत, सोबत केळी आणि चहा. पाहुणे "बस, बस" म्हणतात आणि मी आणखी वाढायला सांगते. सायकल चालवताना तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जावी लागतात. भूक लागेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. मग पाय चालत नाहीत, डोकं दुखतं आणि उगाच चिडचिड होते. सगळ्यांच्या खिशात एकेक केळं आणि शेंगदाण्याची चिक्की देते.

निघण्याआधी दहा मिनिटं सगळ्यांना अंगणात उभं करते. रस्त्याच्या डावीकडून, एकामागे एक. एसटीचा भोंगा ऐकला की आणखी कडेला, पण मातीत उतरायचं नाही. वळणावर थांबायचं नाही. फाटा आला की पुढचा मागच्यासाठी थांबेल. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकाच सैल. शेवटी विचारते, कुणाला रात्री झोप लागली नाही का, कुणाचं पोट बिघडलंय का. लोक हे सगळ्यांसमोर बोलत नाहीत, म्हणून सायकली बाहेर काढताना एकेकाजवळ जाऊन पुन्हा विचारते.

7.10

व्याडेश्वराच्या देवळावरून बाहेर पडतो. पहिल्या तासात सगळे जोरात असतात. थंड हवा, ताजे पाय, आणि आंब्याच्या बागांमधून येणारा मोहराचा वास. पुढची टोळी पाहता पाहता दिसेनाशी होते. माझ्यासोबत उरतात त्या पुण्याहून आलेल्या निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना काकू म्हणतात. त्यांचा वेग ताशी अकरा-बारा किलोमीटर, आणि तो दिवसभर तसाच राहतो. कुणी सोबत असलं की मागच्या माणसाला ओझं झाल्यासारखं वाटतं आणि तो उगाच जोर लावतो. म्हणून मी त्यांच्या शेजारी येत नाही. पन्नासेक पावलं मागे राहते, झाडं बघते, हाक आली तरच पुढे होते.

8.20

पालशेतनंतर चढ सुरू होतात. घाटावरून येणाऱ्या बहुतेकांना वाटतं की समुद्राकाठचा रस्ता सपाट असणार. नकाशातही तो पाण्याला चिकटून दिसतो. रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा मात्र तसा नाही. इथे काळ्या बेसाल्टवर जांभ्याचा जाड थर आहे आणि त्याचे वर सपाट, उघडे सडे झालेत. पावसाळी नद्यांनी आणि खाड्यांनी ते जागोजागी चिरलेत. गावं वसली ती खाली, पाण्याजवळ, जिथे नारळ-पोफळीला ओल मिळते. त्यामुळे एका गावातून दुसऱ्या गावाला जायचं म्हणजे आधी सड्यावर चढायचं, थोडं सपाट चालायचं आणि पुन्हा समुद्रापर्यंत उतरायचं. दिवसभर हेच. एकही चढ सह्याद्रीतल्या घाटाइतका मोठा नाही, पण संध्याकाळपर्यंत सगळ्यांची बेरीज पायात उतरते.

"काकू, गिअर आत्ताच हलका करा. चढ लागल्यावर जोर देताना बदललात तर चेन अडकेल."

"अजून किती आहे गं?"

"दोन वळणं. मग सडा."

पेडल मिनिटाला साठ-सत्तर वेळा फिरलं पाहिजे, वेग कितीही कमी असला तरी. जड गिअरवर दाबत राहिलं की ताण गुडघ्यावर येतो आणि तिसऱ्या दिवशी गुडघा सुजतो. दुसऱ्या वळणावर काकू उतरतात आणि सायकल ढकलायला लागतात. मीही उतरते. चढ पायी चढणं हा सायकल सहलीचाच भाग आहे, असं मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगते. चालताना काकूंना रस्त्याकडेच्या कातळावर वाळत घातलेला भाताचा पेंढा दिसतो, बांधावरची कुळथाची शेती दिसते. पुढे गेलेल्यांपैकी कुणाला हे दिसलेलं नसतं. वर पोचल्यावर थांबून त्या पाणी पितात आणि समोरचा समुद्र बघत उभ्या राहतात. मी घड्याळ बघत नाही. वेळापत्रक आखतानाच मी ही पाच मिनिटं त्यांच्या नावावर धरलेली असतात.

सायकलीवरची सुट्टी म्हणजे मंद गतीने जाण्याची मोकळीक. मोटारीतून हा रस्ता दोन तासांत संपतो आणि त्यातलं फारसं काही आठवत नाही. सायकलवर उंचसखलपणा पायांना कळतो, वाऱ्याची दिशा गालांना कळते, कुठल्या वाडीत मासे सुकत घातलेत ते नाकाला आधी कळतं. पण ही मोकळीक मिळायची तर मागे पडण्याची भीती जायला हवी. आपल्या मागे कुणीतरी आहे, आणि ते घाईत नाही, हे माणसाला ठाऊक हवं. म्हणून मी मागे असते.

9.30

वेळणेश्वरचा उतार. उताराआधी सगळे वर थांबतात; इथे मी माझी जागा सोडते आणि पुढे जाऊन सर्वांत अवघड वळणावर उभी राहते. इथे जांभ्याची बारीक खडी रस्त्यावर आलेली असते. ब्रेक सतत धरून ठेवू नका, दाबा आणि सोडा. दोन्ही हातांनी, वळण येण्याआधी. वळणात ब्रेक मारला की चाक घसरतं. वजन थोडं मागे, नजर वळण जिथे संपतं तिथे. प्रत्येकाला हाताने खूण करून सोडते. सगळ्यात शेवटी काकू येतात, सावकाश, दात घट्ट आवळून. खाली पोचल्यावर त्या मोठ्याने हसतात.

देवळाजवळ अर्धा तास थांबतो. मामांनी गाडीतून कोकम सरबत काढून ठेवलंय, त्यात चमचाभर मीठ जास्त. इथल्या दमट हवेत घाम निघतो पण लवकर वाळत नाही. घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही, म्हणून शरीर आणखी घाम काढतं. तासाला निदान अर्धा लिटर पाणी पोटात जायला हवं, आणि त्यासोबत मीठही. नुसतंच पाणी पीत राहिलं तर दुपारी पोटरीत गोळे येऊ शकतात. मी प्रत्येकाची बाटली उचलून बघते. भरलेली बाटली दिसली की त्या माणसाजवळ बसते आणि तो अर्धी संपवेपर्यंत गप्पा मारते.

10.45

हेदवी. दशभुज लक्ष्मीगणेशाचं देऊळ डोंगरावर आहे. ज्यांचे पाय ताजे आहेत ते वर जाऊन येतात. बाकीच्यांना घेऊन मी समुद्राकडे, उमामहेश्वराच्या देवळापाशी जाते. शेजारीच खडकातली ती चिंचोळी फट, बामणघळ. भरतीच्या वेळी लाट तिच्यात शिरते आणि पाणी उंच उडतं. आजच्या भरतीची वेळ मी काल रात्रीच पाहून ठेवली होती. पाणी उडताना बघायला सगळे पुढे सरकतात आणि ओला खडक निसरडा असतो. म्हणून मी आणि माझा सहकारी फटीच्या दोन बाजूंना उभे राहतो आणि कुणालाही आमच्या पुढे जाऊ देत नाही.

दुपारी 12.10

नरवण, रोहिले करत तवसाळच्या जेट्टीवर पोचतो. शेवटच्या उतारावरून जयगडची खाडी पूर्ण दिसते. इथे शास्त्री नदी समुद्राला मिळते आणि पैलतीरावर जयगडचा किल्ला. बोट पलीकडून निघालेली दिसते. मी मोजते: बारा, सहकारी, मी. मामांची गाडी आधीच रांगेत.

फेरीबोट कोकणच्या सायकलस्वाराचं मोठं सुख आहे. ही बोट नसती तर आम्हाला आत, भातगावच्या पुलापर्यंत जाऊन खाडीला वळसा घालावा लागला असता. बोटीचा पुढचा फळा जेट्टीवर उतरतो, आतल्या मोटारी बाहेर येतात, मग सायकली ढकलत आत न्यायच्या. फळ्यावर शेवाळ असतं म्हणून कुणी चालवत चढायचं नाही. सायकली कठड्याला टेकवून, मागचा ब्रेक दोरीने आवळून ठेवते, म्हणजे बोट हलली तरी त्या घरंगळत नाहीत. पाहुणे वरच्या मजल्यावर जातात. बोटीमागे कुरवांचा थवा. बोटीवर कोळणी आहेत, शाळेतली मुलं आहेत, एका दुचाकीवर गॅसची टाकी आहे. एक मुलगा काकूंना विचारतो, "आजी, तुम्ही कुठून आलात सायकलवर?" काकू त्याला गुहागर म्हणतात आणि तो मागे वळून खाडीपलीकडच्या डोंगराकडे बघतो.

रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या आराखड्यात दाभोळ आणि जयगड या दोन्ही खाड्यांवर पूल आखलेले आहेत. या गावांना पूल हवा आहे आणि तो त्यांचा हक्क आहे. रात्री बोट बंद झाल्यावर तवसाळच्या बाळंतिणीने रत्नागिरीला कसं जायचं, याचं उत्तर पुलाशिवाय कुणाकडे नाही. म्हणून पुलाला विरोध करणाऱ्यांत मी कधी बसले नाही. माझं म्हणणं एवढंच की पूल आणि रुंद रस्ता आखताना पायी चालणारा आणि सायकलवरचा माणूसही मोजला जावा. इथल्या सायकली फक्त पाहुण्यांच्या नाहीत. कामाला जाणारे गडी, शाळेत जाणाऱ्या मुली, पाव विकणारे फेरीवाले याच रस्त्याने जातात. त्यांच्यासाठी डांबराच्या कडेला दीड मीटरची सलग, खडी नसलेली पट्टी हवी, आणि पुलावर वेगळी, कठड्याची वाट हवी. आणि पूल झाला तरी फेरीबोट चालू राहावी. पाण्यावरून ओलांडलेली खाडी माणसाला नदी कुठून आली, भरती कुठवर चढते, गाव कशाच्या आधाराने वसलं हे सांगते.

12.50

जयगडला जेवण. काहींना बांगडा, काहींना वालाची उसळ, सगळ्यांना सोलकढी आणि भात. नंतर उन्हात कुणी हलायचं नाही. पाहुणे ओसरीवर आडवे होतात. दोघं किल्ल्याकडे जाऊन येतात. मी मामांना झोपायला सांगते आणि पंक्चर काढायला बसते. सकाळी एका ट्यूबमध्ये काटा गेला होता, ती फक्त बदलली होती. आता बादलीत बुडवून भोक शोधते, घासते, सोल्यूशन लावून ते वाळू देते आणि मग ठिगळ बसवते. ट्यूब चढवण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधते. तो आत राहिला तर नवी ट्यूबही तासाभरात बसते.

3.15

जयगडहून बंदराचे अवजड ट्रक निवळीच्या रस्त्याने जातात. सायकल आणि तो रस्ता यांचं जमत नाही, म्हणून आम्ही कऱ्हाटेश्वराच्या बाजूने किनाऱ्याच्या वाटेला लागतो. उंडी, रीळ, आणि पुन्हा सडे. दुपारचं ऊन कलतं आणि जांभा तांबूस होतो. या उघड्या कातळांवर माणसाने हजारो वर्षांपूर्वी चित्रं कोरली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली काही कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत गेली. पाहुण्यांना सड्याला ओसाड जमीन म्हणू नका असं सांगते. जून ते सप्टेंबर याच कातळावर फुलांचं रान होतं, आणि इथे मुरलेल्या पावसावरच खालच्या वाड्यांचे झरे आणि विहिरी चालतात.

दिवसाचा अवघड तास हाच. जेवण जड झालेलं, पाय आखडलेले, समोरून खारा वारा. सकाळी सर्वांत पुढे असणारा तरुण आता मागे आला आहे. त्याने दुपारी पाणी कमी प्यायलं आणि आता मांडीत गोळा आलाय. त्याला सावलीत बसवते, पाय सरळ करून हळूहळू ताणते, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट देते. "गाडीत बसतोस का?" विचारते. तो मान हलवतो. मग त्याला काकूंच्या मागे लावते. "त्यांच्या चाकाच्या मागे राहा, वारा कमी लागेल, आणि त्यांचा वेग सोडू नकोस." पुढचे दहा किलोमीटर काकू त्याला ओढून नेतात. सावकाश आणि एकसारखं चालवणारा माणूस टोळीच्या कसा कामी येतो, ते त्या दोघांनाही कळतं.

4.40

मालगुंड. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, 1866 साली इथे जन्मले. त्यांचं घर आणि शेजारचं स्मारक कोकण मराठी साहित्य परिषदेने जतन केलंय. 1994 मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. काकूंनी आयुष्यभर वर्गात केशवसुत शिकवले. पाहुण्यांना घरातल्या खोल्या त्याच दाखवतात. मी अंगणात सायकली राखते आणि त्यांचा आवाज ऐकते. आज माझ्याकडून सांगण्यासारखं इथे काही नाही, इतकं त्यांना येतं.

5.40

गणपतीपुळे. सूर्य मावळायला अर्धा तास आहे आणि घामेजलेल्या सगळ्यांना समुद्रात उतरायचंय. मी ठाम नाही म्हणते. इथला तळ एकाएकी खोल होतो, परतणाऱ्या पाण्याला ओढ असते आणि थकलेल्या पायांना तिच्याशी झगडता येत नाही. घोट्यापर्यंत पाय भिजवा, वाळूत बसा, देवळामागच्या डोंगराची प्रदक्षिणा करा. माझ्यावर कुणी रागावलं तर रागावू दे. पाहुण्यांना धडधाकट घरी पाठवणं हे माझं काम आहे.

7.00

सायकली धुणं. किनाऱ्याची खारी हवा लोखंड खाते. एका रात्रीत चेनीवर तांबेरा दिसायला लागतो. गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवायचं, जोराचा फवारा नाही, नाहीतर पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. पुसून वाळवायचं, प्रत्येक कडीवर एक थेंब तेल, आणि वरचं तेल फडक्याने काढायचं. तो गोळा आलेला तरुण मदतीला येतो. त्याला चेन कशी पुसायची ते दाखवते.

8.45

हिशोब. गुहागरच्या वहिनींचे, जयगडच्या जेवणाचे, बोटीचे पैसे. ज्या घरी उतरलो त्या घराचे पैसे त्याच दिवशी पोचले पाहिजेत. पाहुण्यांच्या पैशाचा मोठा वाटा या वाड्यांमध्येच राहावा, म्हणून आम्ही हॉटेलऐवजी घरं निवडतो आणि केळी, नारळ, कोकम वाटेतल्या माणसांकडूनच घेतो. उद्या आरे-वारे करत रत्नागिरी. तिथल्या काकांना फोन करून बारा जणांचं जेवण सांगते.

मग वही उघडते. पालशेतच्या चढावर कडेचं डांबर कुठे तुटलंय, वेळणेश्वरच्या कुठल्या वळणावर खडी आहे, तवसाळच्या उतारावर कठडा कुठे पडलाय, हे सगळं जागेसकट लिहिते. सहल संपली की ही यादी फोटोंसह सार्वजनिक बांधकाम विभागाला जाते. काही जागा दुरुस्त होतात, काही होत नाहीत, आणि न झालेल्या पुढच्या यादीत पुन्हा वर येतात. या रस्त्याच्या कडेने रोज जाणारी मुलगी सुखरूप शाळेत पोचली, तर पाहुणाही सुखरूप पोचेल. कोकणात सायकलीवर सुट्टी घालवायला येणाऱ्यांनी जाताना अशी एक यादी करून द्यावी, एवढं मी उद्या सकाळी अंगणात सगळ्यांना सांगणार आहे.